लॉगमध्ये न दिसणारे प्रेक्षक

“लिनक्सवाले असे आहेत तरी किती?” हा प्रश्न मला ऑफिसात, नातेवाइकांत, कस्टमर केअरच्या चॅटवर, सगळीकडे विचारून झालाय. लिनक्स म्हणजे विंडोज किंवा मॅकऐवजी कॉम्प्युटरवर टाकता येणारी फुकट, कोड सगळ्यांना खुला असलेली ऑपरेटिंग सिस्टीम, आणि मी ती वापरतो. विचारणाऱ्याला आकडा नकोच असतो. थोडेच आहेत हे त्यानं आधीच धरलेलं असतं, आणि थोडे आहेत म्हणजे तुमचं काम होणार नाही एवढंच त्याला सांगायचं असतं. मला मात्र हा प्रश्न खरंच महत्त्वाचा वाटतो, कारण आकडा कोण मोजतंय, कसा मोजतंय आणि मोजायच्या आधी कुणाला दाराबाहेर ठेवलंय हे बघितल्याशिवाय त्याचं उत्तर देताच येत नाही. याचं मी पाहिलेलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे बीबीसीचा आयप्लेअर, म्हणजे टीव्हीचे कार्यक्रम इंटरनेटवरून बघायची त्यांची सेवा, २००७ सालची.

मी तेव्हा रेडिंगला राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते. लंडनपासून ट्रेननं अर्ध्या तासाचं गाव, आयटीमुळे मराठी माणसं बऱ्यापैकी, आणि माझ्या खोलीत टीव्ही नव्हता, एक डेस्कटॉप होता ज्यावर उबुंटू नावाचं लिनक्स होतं. इंग्लंडात टीव्ही बघायचा तर लायसन्स काढावं लागतं हे इथं आल्यावर कळलं. आपल्याकडेही आजोबांच्या काळात रेडिओचं लायसन्स असायचं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे, तसंच काहीसं. २००७ मध्ये रंगीत टीव्हीच्या लायसन्सची फी होती वर्षाला १३५ पौंड ५० पेन्स, आणि लाइव्ह कार्यक्रम कॉम्प्युटरवर बघितला तरी ती भरावी लागायची. बीबीसी चालते ती मुख्यतः याच पैशावर. जाहिराती नाहीत, मालक नाही, घराघरातून गोळा झालेली वर्गणीच म्हणा ना. आणि ही वर्गणी घेताना कुणीही विचारत नाही की बाबा तुझ्या घरात कुठला कॉम्प्युटर आहे. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

तर आयप्लेअर. आज ओटीटी म्हटलं की कुणाला काही वेगळं वाटत नाही, पण तेव्हा ‘काल रात्री हुकलेला कार्यक्रम आज बघता येईल’ हीच मोठी गोष्ट होती. २७ जुलै २००७ ला बीटा आला. कार्यक्रम प्रसारित झाल्यावर सात दिवसांत डाउनलोड करायचा, तीस दिवसांत बघायला सुरुवात करायची, आणि एकदा प्ले केला की सात दिवसांनी फाइल आपोआप निकामी. हे जमवायला त्यांनी मायक्रोसॉफ्टचं डीआरएम, म्हणजे फाइलवर बसवायचं डिजिटल कुलूप, घेतलं होतं, आणि डाउनलोडसाठी कोंटिकी नावाचं पीअर-टू-पीअर सॉफ्टवेअर, ज्यात प्रेक्षकांचे कॉम्प्युटरच एकमेकांना फाइलचे तुकडे देतात. परिणाम असा की आयप्लेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालायचा, तोही इंटरनेट एक्सप्लोरर आणि विंडोज मीडिया प्लेअर असेल तरच. मॅक नाही, लिनक्स नाही, बाकीच्यांची तर गोष्टच सोडा. चॅनल फोरची ४ओडी सेवा त्याआधी आली होती, तीही विंडोजपुरतीच, पण तिथं लायसन्सच्या पैशाचा प्रश्न नव्हता.

बीबीसी ट्रस्टनं, म्हणजे लायसन्स भरणाऱ्यांच्या वतीनं बीबीसीवर लक्ष ठेवणारी जी संस्था तेव्हा होती तिनं, एप्रिल २००७ मध्ये मंजुरी देतानाच अट घातली होती की ही सेवा सगळ्या प्लॅटफॉर्मवर न्या. आधी दोन वर्षांची मुदत द्यायचं चाललं होतं, मग ती मुदत काढून ‘दर सहा महिन्यांनी आढावा घेऊ’ असं ठरलं. लोक चिडले ते इथे. पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या वेबसाइटवर तेव्हा ऑनलाइन अर्ज करायची सोय होती, तिथं एका अर्जावर १६ हजारांहून जास्त सह्या झाल्या. ऑगस्टमध्ये मुक्त सॉफ्टवेअरवाले बीबीसीच्या दारात पिवळे संरक्षक सूट घालून उभे राहिले.

आणि मग तो आकडा आला. बीबीसीच्या डिजिटल विभागाचे तेव्हाचे प्रमुख अ‍ॅश्ली हायफील्ड एका मुलाखतीत म्हणाले की ब्रिटनमधून आमच्या वेबसाइटवर १ कोटी ७१ लाख लोक येतात, त्यातले लिनक्सवाले आमच्या सर्व्हर लॉगप्रमाणे, म्हणजे साइटवर कोण आलं त्याच्या नोंदीप्रमाणे, साधारण ४०० ते ६००. म्हणजे अख्ख्या देशात एका शाळेत मावतील एवढे! ज्यांनी हे वाचलं त्यांना लगेच कळलं की काहीतरी चुकतंय, नुसत्या एखाद्या युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तेवढे निघाले असते. ओरड झाली, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी स्वतः आकडा सुधारला, ३६,६०० ते ९७,६००. त्यांनी तो उघडपणे सुधारला याचं मला आजही कौतुक आहे, मोठ्या संस्थेतला माणूस इतक्या लवकर असं करत नाही. पण बघा ना, वेबसाइट तीच, आणि मोजायची पद्धत बदलली की पाचशेचे लाखाच्या जवळ जातात. आणि सुरुवातीचे ते पाचशे कुणी तपासायच्या आधीच निर्णयाची कारणं म्हणून सांगितले जात होते.

यातली खोच अशी की मोजणारा मोजतो आपल्या दारातून आत आलेल्यांना. ज्या पानावर व्हिडिओ चालतच नाही तिथं लिनक्सवाला परत येईलच कशाला? एकदा येतो, ‘तुमची सिस्टीम चालणार नाही’ वाचतो, जातो. मग सहा महिन्यांनी रिपोर्ट बनतो की बघा, लिनक्सवरून मागणीच नाही. दार बंद म्हणून माणसं नाहीत आणि माणसं नाहीत म्हणून दार बंद, हे चक्र कुठून तरी तोडावं लागतं, आणि ते तोडायची जबाबदारी पैसे घेणाऱ्याची असते.

बीबीसीची बाजू खोटी नव्हती. कार्यक्रमांचे हक्क सगळे त्यांचे नसतात, निर्माते आहेत, कलाकार आहेत, परदेशी विक्री आहे, आणि या सगळ्यांना फाइल ठराविक दिवसांनी निकामी व्हायला हवी होती. हे करू शकणारं आणि बाहेरच्यांना वापरायला मिळणारं डीआरएम त्या वेळी मायक्रोसॉफ्टचंच होतं, अ‍ॅपलचं अ‍ॅपल कुणाला देत नव्हतं. इथपर्यंत पटतं.

पण याच कार्यक्रमांचं काय होतं ते मी माझ्या खोलीत रोज बघत होतो. मी एक यूएसबी स्टिक घेतली होती, डीव्हीबी-टी ट्यूनर, म्हणजे हवेतून येणारा डिजिटल टीव्ही कॉम्प्युटरवर पकडणारी, पेनड्राइव्हपेक्षा जरा मोठी, सोबत वीतभर एरियल आणि त्याच्या बुडाला चुंबक. ते चुंबक रेडिएटरला चिकटवलं तर सिग्नल यायचा नाही, खिडकीच्या चौकटीपाशी पत्र्याच्या डब्यावर उभं केलं की हॅनिंग्टनच्या टॉवरवरून बीबीसी वन स्वच्छ यायचं, बाहेरून डबल डेकर गेली की चित्राचे चौकोन व्हायचे आणि परत जमायचं. लिनक्समध्ये त्या स्टिकचा ड्रायव्हर आधीपासून होता, चॅनल स्कॅन केले की काम झालं. रेकॉर्ड करायला मिथटीव्ही नावाचं सॉफ्टवेअर. तासाच्या कार्यक्रमाला दीड-दोन जीबी जागा लागायची, फाइल साधी एमपेग-२, कुलूप नाही, मुदत नाही, व्हीएलसीमध्ये उघडा नाहीतर दहा वर्षांनी उघडा. म्हणजे जो कार्यक्रम हवेतून अख्ख्या देशाला उघडा मिळत होता, व्हिडिओ कॅसेटवर लोक वीस-वीस वर्षं जो रेकॉर्ड करत आले होते, तोच कार्यक्रम इंटरनेटवरून द्यायचा तर कुलूप हवं, आणि कुलूप एकाच कंपनीचं मिळतं म्हणून दारही त्याच कंपनीच्या गिऱ्हाइकांना उघडायचं. ज्याला चोरी करायची त्याला ती खिडकीपाशी एरियल ठेवून करता येत होती. अडत होता तो फक्त सरळ मार्गानं बघायला आलेला माणूस.

डिसेंबर २००७ मध्ये आयप्लेअर फ्लॅश या ब्राउझरच्या प्लगइनवर स्ट्रीम व्हायला लागला आणि मॅक, लिनक्सवर निदान बघता तरी यायला लागलं. डाउनलोड करायची सोय यायला अजून एक वर्ष गेलं, डिसेंबर २००८ मध्ये अडोबी एअर या सॉफ्टवेअरवर. मधल्या काळात जे झालं ते मला जास्त बोलकं वाटतं. आयफोन ब्रिटनमध्ये विकायला आला ९ नोव्हेंबर २००७ ला. मार्च २००८ मध्ये आयप्लेअर आयफोनवर हजर. म्हणजे चार महिने! एप्रिलमध्ये निन्टेंडो वीवर, म्हणजे गेम खेळायच्या खोक्यावर. आयफोन फ्लॅश चालवत नव्हता, म्हणून त्याच्यासाठी वेगळी एमपी४ फाइल दिली गेली आणि तिला डीआरएमच नव्हतं. लोकांनी काही दिवसांत शोधून काढलं की ब्राउझरनं ‘मी आयफोन आहे’ असं सांगितलं की सर्व्हर मुकाट्यानं ती फाइल देतो. बीबीसीनं ते बंद केलं, लोकांनी परत उघडलं, हे बराच काळ चाललं आणि त्यातूनच गेट-आयप्लेअर नावाचं मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं. तर डीआरएमशिवाय हक्कवाले ऐकतच नाहीत हे जे सांगितलं जात होतं, ते आयफोनसाठी ऐकले की. इच्छा असली की वाट निघते, आणि इच्छा कुणासाठी होते तेही त्या वर्षभरात नीट दिसलं.

मला याचं जास्त वाईट वाटतं ते बीबीसीबद्दलच्या प्रेमापोटी. १९८१-८२ मध्ये याच संस्थेनं देशातल्या लोकांना कॉम्प्युटर शिकवायचा म्हणून टीव्हीवर कार्यक्रम केले आणि सोबत स्वतःच्या नावाचा कॉम्प्युटर आणला, बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं बनवलेला, घुबडाचं चिन्ह असलेला. शाळाशाळांत तो पोचला, दहा लाखांहून जास्त विकला गेला. मायक्रो करणाऱ्यांपैकीच सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे एआरएम चिप बनवली, जी आज तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनमध्ये आहे, आणि त्या चिपसाठी एकॉर्ननं रिस्क ओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम केली. २००७ मध्ये ती वापरणारे लोक ब्रिटनमध्ये होते, आजही आहेत, रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त कॉम्प्युटरवर चालते ती. शाळेत बीबीसी मायक्रोवर पहिला प्रोग्रॅम लिहिलेला, पुढे एकॉर्नच घेत राहिलेला एखादा मास्तर डोळ्यांपुढे आणा. बीबीसीनंच त्याला या वाटेवर आणलं, तो इमानदारीत चालत राहिला, आणि आयप्लेअर आला तेव्हा चालणाऱ्या सिस्टीमच्या यादीत एकच नाव होतं, विंडोज एक्सपी. त्याच सुमारास बीबीसीचा संशोधन विभाग डिरॅक नावाचा व्हिडिओ कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत, तयार करत होता, कुणालाही फुकट वापरता येईल असा, पॉल डिरॅक या शास्त्रज्ञाचं नाव दिलेला. म्हणजे एकाच घरात ही माणसंही होती.

आता काळ बदललाय. फ्लॅश २०२० च्या शेवटी संपलं, त्याच्या आधीच आयप्लेअर एचटीएमएल५ वर, म्हणजे प्लगइनशिवाय थेट ब्राउझरमध्ये चालणाऱ्या पद्धतीवर आला आणि आज माझ्या लिनक्सवर फायरफॉक्समध्ये तो काही न करता चालतो. १ सप्टेंबर २०१६ पासून आयप्लेअरवर जुना कार्यक्रम बघायलाही लायसन्स लागतं, त्यामुळे आता तर सगळ्यांना चालणं भागच आहे. एकूण ओटीटींच्या जगात मात्र कुलूप राहिलंच, फक्त त्याचं नाव बदललं. सप्टेंबर २०१७ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीनं ब्राउझरमधल्या डीआरएमच्या जोडणीला मान्यता दिली, डिजिटल हक्कांसाठी लढणारी ईएफएफ ही संस्था त्याच दिवशी राजीनामा देऊन बाहेर पडली. प्रत्यक्षात डेस्कटॉप लिनक्सवर याचा अर्थ होतो गूगलचं वाइडवाइन. ते बंद डब्यासारखं येतं, आत काय आहे कुणाला बघता येत नाही, आणि ज्या सिस्टीमसाठी गूगल डबा बनवेल तिथंच ते चालतं. इंटेलवाल्या लिनक्सला मिळतं. एआरएमच्या रास्पबेरी पायवर अधिकृतपणे यायला २०२१ उजाडलं. फ्रीबीएसडी या आणखी एका मुक्त सिस्टीमसाठी स्वतःचं नाहीच, लिनक्सचा ब्राउझर आत बसवून चालवावा लागतो. लिनक्सवर मिळतं तेही खालच्या पातळीचं, एल३, म्हणून फोरकेचे पैसे भरा नाहीतर कितीही भरा, कित्येक ठिकाणी चित्र ७२० किंवा त्याहून खालीच अडतं. २०१९ मध्ये डिस्ने प्लस आलं तेव्हा लिनक्सवर एरर ८३ यायचा, बोंबाबोंब झाल्यावर त्यांनी सेटिंग बदललं आणि चाललं. नुसतं सेटिंग!

हे सगळं कॉम्प्युटरवाल्यांचं दुखणं आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मला स्लाऊच्या एका काकूंबद्दल सांगायचंय. माझ्या सख्ख्या नाहीत, मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, आता घरच्यासारख्या. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा सपोर्ट बंद केला तेव्हा त्यांचा लॅपटॉप ठणठणीत होता, नवीन घ्यायची त्यांची इच्छा नव्हती. मी त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं, फॉन्ट मोठा केला, आयप्लेअरची खूण डेस्कटॉपवर ठेवली. दोन आठवड्यांनी फोन केला, “काकू, जमतंय ना?” तर म्हणाल्या, “अरे न जमायला काय झालं, टेनिस बघतेय, नंतर कर फोन.” पुढचा लॅपटॉप घेतला तेव्हा “तेच हिरवं टाक रे बाबा” म्हणून त्यांनी स्वतः मिंट मागून घेतलं. लिनक्स म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही आणि असायची गरजही नाही. कुणाच्याही रिपोर्टमधला ‘लिनक्स यूजर’ असा नसतो, दाढीवाला पोरगा असतो. पण फुकट, हलकी सिस्टीम जुन्या मशीनवर टाकून घेणारे लोक असेच असतात, निवृत्त माणसं, विद्यार्थी, नवीन लॅपटॉप न परवडणारी घरं. महाराष्ट्रात तर किती!

काकूंच्या मुलीनं त्यांना एका मराठी ओटीटीचं वर्षाचं सबस्क्रिप्शन भेट दिलं, नाटकं बघायला. नाव घेत नाही. पैसे घेताना काही अडलं नाही, कार्ड चाललं, मेल आला, स्वागत वगैरे. नाटक लावलं तर काळा चौकोन आणि मधोमध फिरणारं चक्र, मग ‘तुमचं डिव्हाइस सपोर्टेड नाही’. कस्टमर केअरला लिहिलं, उत्तर आलं की विंडोज किंवा मॅक वापरावं. मी जाऊन बसलो. त्याच लॅपटॉपवर, त्याच क्रोममध्ये यूजर एजंट बदलला, म्हणजे ब्राउझर साइटला स्वतःची जी ओळख सांगतो तिथं ‘लिनक्स’च्या जागी ‘विंडोज’ लिहिलं, पान परत लोड केलं, आणि तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. वाइडवाइन तेच, नेट तेच, काकू त्याच. अडचण तांत्रिक नव्हतीच, कुणीतरी एका यादीत दोन नावं लिहिली होती आणि तिसरं लिहिलं नव्हतं.

आणि ‘परवडत नाही हो, छोटी कंपनी आहे’ असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी जिओफोन आठवावा. २०१७ मध्ये आलेला, बटणांचा, १५०० रुपये डिपॉझिटवाला. त्यात अँड्रॉइड नव्हतं, कायओएस होतं, मोझिलानं सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसमधून निघालेलं, जगात फारसं कुणी नाव न ऐकलेलं. तरी त्यावर जिओटीव्ही होतं, जिओसिनेमा होतं, सव्वादोन-अडीच इंचाच्या स्क्रीनवर खेडोपाडी लोकांनी मालिका बघितल्या. तिथं कुणी म्हटलं नाही की कायओएसवाले आहेत तरी किती. हवे होते म्हणून मोजायच्या आधीच त्यांच्यासाठी बनवलं. दूरदर्शनवाल्या प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात वेव्ह्ज नावाचं स्वतःचं ओटीटी सुरू केलं, ते तर सार्वजनिक पैशाचं. तिथं काम करणाऱ्या मराठी मुलामुलींनी २००७ चं हे प्रकरण एकदा तरी डोळ्यांखालून घालावं असं मला फार वाटतं.

काकूंची नाटकं चालू आहेत. पण त्या साइटच्या लॉगमध्ये काकू आता विंडोजवाल्या आहेत. माझ्या ओळखीतले बहुतेक लिनक्सवाले हेच करतात, एकदा वेश बदलतात आणि विसरून जातात, सगळ्या साइटवर विंडोज म्हणून फिरतात, आणि कुठेतरी मीटिंगमध्ये कुणीतरी तक्ता दाखवून म्हणतं की लिनक्स शून्य पूर्णांक काहीतरी टक्के. म्हणून माझी विनंती आहे की जिथं वेश न बदलता चालतं तिथं तो आजच उतरवा, ओळख बदलणारं ब्राउझरचं एक्स्टेन्शन फक्त अडलेल्या साइटपुरतं ठेवा. आणि जिथं अडतं तिथं कस्टमर केअरला मेल टाका, मराठी साइट असेल तर मराठीतून, त्यात ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव, ब्राउझरचं व्हर्जन, पैसे भरल्याची तारीख आणि यूजर एजंट बदलल्यावर चालतं हे स्पष्ट लिहा, म्हणजे तिथल्या डेव्हलपरला नेमकं काय काढायचं ते कळेल. काकूंचा मेल मी परवा टाइप करून दिला, मजकूर त्यांनीच सांगितला, ‘मी तुमची वर्गणीदार आहे’ इथून सुरुवात. तो मजकूर कुणाला हवा असेल तर सांगा, त्यांना विचारलंय, द्यायला हरकत नाही म्हणाल्या.